साल

कानडीतून मराठीत आणते आहे मी
एक पुस्तक : नव्वद दिवसांत श्रीमंत.
पानाला पस्तीस रुपये.
श्रीमंत हा शब्द दोन्हीकडे तोच,
उचलायचा आणि ठेवायचा,
त्याचे पैसे जवळजवळ फुकटच मिळतात.

अडतं ते साध्या शब्दांशी.
साल म्हणजे तिकडे कर्ज,
इकडे वर्ष,
किंवा केळ्याची, पायाखाली येणारी.
नष्ट म्हणजे तिकडे नुसता तोटा,
पुढच्या बाजाराला भरून निघेल असा.
आपल्यात नष्ट झालं की झालंच.
लेखक म्हणतात, नष्टाला भिऊ नका.
मी लिहिते, तोट्याला भिऊ नका,
आणि पेन थोडा वेळ खाली ठेवते.
थोरल्या भावाचं शहापुरातलं दुकान
कुठल्या भाषेत नष्ट झालं
ते घरात अजून ठरलेलं नाही.

खालच्या खोलीत नागूबाई कामकर.
वडगावात निम्म्या गल्लीच्या मागांना
कांड्या भरून देते.
कानडी बोलते झकास, वाचता येत नाही,
म्हणून माझी कच्ची पानं मागून नेते.
'पहाटे पाचला उठा' वाचून म्हणाली,
आमचा नळ साडेतीनला येतोय की.
हा माणूस कुठल्या गल्लीत राहतोय?
'स्वप्नाचं चित्र भिंतीवर लावा.'
भिंत मालकाची. खिळा मारू देत नाही.

सातवं प्रकरण मात्र तिनं परत दिलं नाही.
'आलेलं, गेलेलं, रोज लिहा.'
जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर,
नातवाच्या दातांनी चावलेल्या पेन्सिलीनं
लिहीत बसली, माग थांबल्यावर.
पाचव्या शनिवारी कळलं,
मोजणीत दर आठवड्याला दोनशे कांड्या गळतात.
शेकड्याला वीस, म्हणजे चाळीस रुपये.
कागद घेऊन गेली.
मालकानं तो उलटा करून बघितला,
तिकडे फेब्रुवारी होता.
मग चाळीस दिले. मागचे नाहीत.
आता तिच्यासमोर मोजतो,
मोठ्यानं, गल्लीला ऐकू जाईल असं.

तर चालतं म्हणायचं.
मी हिशेब करून बघितला :
आठवड्याच्या अशा चाळीसांनी
एक कोटी व्हायला
चार हजार आठशे सालं लागतात.
इथं साल मराठी धरावं.
कानडी धरलं तरी फार बिघडत नाही.

अकरावं प्रकरण : मागायला लाजू नका.
ते उतरवताना माझेच कान तापले.
दोनशे बारा पानं, सात हजार चारशे वीस,
हातात पाच हजार.
रामदेव गल्लीत गेले, हुल्लोळी प्रकाशकांकडे,
उभ्या उभ्या त्यांना त्यांच्याच पुस्तकातलं
वाक्य म्हणून दाखवलं, मूळ कानडीत.
ते खूश झाले.
म्हणाले, बाई, छान उतरलंय हं मराठीत.
चहा सांगितला.
आणि उठताना : नाळे बर्री.

नाळे म्हणजे उद्या.
बेळगावात हा शब्द कुणाला शिकवावा लागत नाही.

नागूबाईनं पेन्सिल दिली.
लिहून ठेव. तारखेसकट.
मी लिहिते आहे : मंगळवार, नाळे.
शुक्रवार, नाळे, चहा नाही.
सोमवार, मालक हुबळीला, मुलगा म्हणाला नाळे.
नऊ झाले.
पुस्तकाची दुसरी आवृत्ती आलीय,
काचेच्या कपाटात पुढेच लावलीय,
माझं नाव आत, बारीक, चुकीच्या वेलांटीसह.

दहाव्या नाळेला
नागूबाई बरोबर येते म्हणाली आहे.
तिला कानडी वाचता येत नाही.
पण बोलते झकास.