बिनतारी

खोका गोटेनबर्गहून आला,
कुणाच्या तरी बहिणीच्या नवऱ्याच्या बॅगेतून,
लोकरीच्या मोज्यांत गुंडाळून.
आत दोन डिरेलर, दोन लिव्हर,
काडेपेटीएवढ्या दोन बॅटऱ्या, चार्जर,
आणि येमानेच्या हातची चिठ्ठी:
‘मास्तर, तार लागत नाही.’

चिठ्ठी मी दोनदा वाचली.
चाळीस वर्षं अस्माराच्या या मेदेबर बाजारात
मी तारच ओवत आलो आहे.
तार म्हणजे काय ते माझ्या अंगठ्याला विचारा.
जुनी झाली की टोकाशी पिंजते,
आणि एक तंतू नेमका नखाखाली शिरतो.
स्क्रू अर्धी फेरी इकडे, पाव फेरी तिकडे,
कान चेनला लावून बसायचं.
कुरकुर थांबली की समजायचं, जुळलं.
माणसांचंही मी असंच ऐकत आलो.
तिथे स्क्रू सापडत नाही, एवढंच.

सेनाइत तेलाच्या डब्यावर बसून होती.
रविवारी शर्यत.
नेफासितपर्यंत उतार, मग तोच घाट उलटा,
जिथे ढग पायाखाली असतात
आणि माणूस त्यांच्यातून ओला होऊन वर येतो.
गेल्या वर्षी तिची तार तिथेच तुटली.
गिअर सगळ्यात जड दात्यावर जाऊन बसला,
आणि ती अकरा किलोमीटर
उभ्याने पेडल मारत आली.
शेवटून दुसरी.
शेवटचीचं चाक पंक्चर होतं.
भावाला तिने हे सांगितलं नव्हतं.
मीही नाही.

फ्रेम मुळात त्याचीच.
निघाला त्या रात्री माझ्या दाराला टेकवून गेला,
कुलूप न लावता.
सकाळी मला वाटलं, पाणी प्यायला गेला असेल.

जुनी तार ओढली तर सोबत
तांबूस पाणी आलं, चार मुंग्या आल्या,
त्याच्या वेळच्या ग्रीसची काळी गोळी आली.
फ्रेमला भोकं उरली.
खोक्यात त्यांच्यासाठी रबरी बुचंही होती.
सगळा विचार करून पाठवलंय पोराने.

मग वीज गेली.
बॅटऱ्या जनरेटरवाल्या कॅफेत ठेवल्या,
साखरेच्या बरणीशेजारी. एका चार्जिंगला तीन माकियातो.
त्या भरल्या, पण डाव्या लिव्हरचा सेल मेलेला,
बटणाएवढा, चपटा, सगळ्या अस्मारात नाही.
शेवटी इद्रिस सोनाराने
आपल्या वजनकाट्याचा काढून दिला.
‘दोन दिवस सोनं डोळ्यांनी तोलतो,’ म्हणाला.
त्याच्या गिऱ्हाइकांचं काय ते त्यांनाच ठाऊक.

इथलं बटण दाबा, मग तिथलं.
हिरवा दिवा लुकलुकला,
दोघांची ओळख पटली.
मध्ये काही नाही. मी हात फिरवून पाहिला.
उजवं दाबलं की जड, डावं दाबलं की हलका,
दोन्ही एकदम दाबले की पुढची चेन उडी मारते.
झ्यँ, एवढाच आवाज,
डबीत अडकलेल्या माशीसारखा.
मी कान लावला.
ऐकण्यासारखं काहीच नव्हतं.

सेनाइतने चाक फिरवत वर खाली, वर खाली,
बारा वेळा गिअर बदलले.
मग म्हणाली, ‘मास्तर, तिथून दाबलं तर?’
‘कुठून?’
ती बोलली नाही.
मी म्हटलं, एवढ्या लांब नाही पोहोचत.
म्हणालो खरं, पण यंत्र नवीन आहे,
मला काय काय माहीत असणार.

ब्रेकच्या तारा मी तशाच ठेवल्या.
थांबायला अजून तार लागते.
त्या मात्र नव्या घातल्या, माझ्या पैशाने,
आणि टोकांना टोप्या बसवल्या,
तिच्या नखात काही शिरू नये म्हणून.

आज शनिवार.
इद्रिस दोनदा येऊन गेला, सेल कधी परत?
सोमवारी, म्हटलं.
शर्यत संपू दे, मग तोल.