सामाईक भिंत

एकाच रविवारी दोन घरं बघितली.
पुराचं पाणी कुठवर आलेलं,
हा प्रश्न आमच्या कोल्हापुरात भावाच्या आधी विचारतात.
दोन्हीकडं आलं नव्हतं.
म्हणजे आता भांडायला आम्ही मोकळे.

पहिलं पाचगावच्या चढावर,
नऊ रो-हाऊसांतलं सहावं.
बाबासो मगदूम किल्ली फिरवत म्हणाले,
"ताई, भिंती दोघांच्यात, पण दार तुमचं एकट्याचं."
टोकाचं, तीन बाजू मोकळ्या असलेलं,
आधीच एका वकिलानं घेतलं होतं.
अठरा फूट रुंदी. जिना असा,
की आमचं कपाट दोर लावून
खिडकीतनं चढवावं लागणार,
हे पद्मराजनं उंबऱ्यातच ओळखलं.
तो शिरोलीच्या फौंड्रीत पॅटर्न करतो,
टेप खिशात असते, माप डोळ्यात.

वरच्या खोलीत चंदनानं भिंतीवर थाप मारली.
तीन वर्षांची पोर, काहीतरी बडवणारच.
पलीकडून दोन थापा आल्या.
ती माझ्याकडं बघायला लागली.
मग पुन्हा शिलाई मशीन सुरू झालं.
"शिकलगार भाभी," मगदूम म्हणाले,
"फॉल-पिको करतात. तक्रार असेल तर सांगा,
दुपारचं बंद ठेवतील."

दुसरं कळंब्याच्या पलीकडं.
दोन गुंठ्यांत एकटं उभं,
पुढं ऊस, मागं ऊस,
शेजारी म्हणून नुसते हद्दीचे दगड.
पद्मराज आत गेलाच नाही.
हात पाठीमागं बांधून
घराला एक पूर्ण चक्कर मारून आला
आणि म्हणाला,
"ज्याला प्रदक्षिणा घालता येत नाही
ते घर कसलं?"
मी म्हटलं, "प्रदक्षिणा देवाला.
घरात आत जायचं असतं."
तेवढ्यात चंदना त्याच वाटेनं पळाली,
टाकीमागं गेली.
मी मोजलं.
अकरा सेकंद ती दिसत नव्हती.
उसाची पानं तेवढी एकमेकांना घासत होती.

परतताना मिसळ खाल्ली.
अठ्ठावन्न आणि चौऱ्याहत्तर,
खारीच्या पिशवीवर त्यानं आकडे मांडले,
कटाचा एक थेंब सोळा लाखांवर पडला.
फरक काही पुसला गेला नाही.

रात्री तो म्हणाला,
"दिवसभर डोक्यात ग्राइंडर.
घरी येऊन दुसऱ्याच्या कुकरच्या शिट्ट्या
मी का मोजू?
त्यांची भांडणं का ऐकू?"
"आपली ऐकून ते काय म्हणतील,
त्याचं बघ," मी म्हटलं.
तो हसला नाही.
आणि खरं सांगायचं तर त्याचं चुकत नव्हतं.
मलाही हवंच होतं ते मागचं अंगण,
कढीपत्ता, दोरीवर वाळणारे कपडे,
कुणाला न दिसता बसायची एक पायरी.

मग मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणलं.
माझ्या दवाखान्यातल्या रात्री लाल पेनानं,
त्याची रात्रपाळी निळ्या.
महिन्यात चार चौकोनांत
दोन्ही रंग एकावर एक.
त्या चार रात्री चंदना उचगावला मावशीकडं जाते,
झोपेत उचलून, चादरीसकट.
तो बराच वेळ त्या चौकोनांकडं बघत राहिला,
माप चुकलेल्या साच्याकडं बघावं तसा.
मग म्हणाला, "कपाटाला दोर लई जाड लागंल."

कपाट चढलं.
एक टोक शिकलगारांच्या मोठ्या मुलानं
त्यांच्या गॅलरीतून धरलं.
पहिला खिळा मारला तेव्हा
पलीकडून भाभी ओरडल्या,
"भाऊ, जरा खाली घ्या, वर आमचं घड्याळ हाय!"
त्यानं खाली घेतला.

आता चौकोन चारचे पाच झालेत,
तरी चादर कपाटातच असते.
रविवारी सकाळी मात्र पद्मराज गुपचूप उठतो,
हात पाठीमागं बांधून
नऊच्या नऊ घरांना एक पूर्ण चक्कर मारतो.
चार मिनिटं लागतात. वरून मला दिसतं.
विचारलं की म्हणतो, दूध आणायला गेलो होतो.
हातात पिशवी नसते.