डाग

लॅमिंग्टन रोडला, दुसऱ्या माळ्यावर,
मुस्तकीमने लॅपटॉप पालथा घातला
आणि अकरा स्क्रू मोजून चुंबकावर ठेवले.

नवी सिस्टीम चढली होती खरी,
पण खिडकी सरकवली की तिचीच सावली
मागे फरपटत यायची.
पत्रिकांचं कुंकू विटकरी दिसायचं.
म्हटलं, ग्राफिक्स कार्ड बदलून टाक, होईल तो खर्च.

त्याने पंख्यातली धुळीची लोकर चिमट्याने ओढली:
चेंबूरच्या आमच्या खोलीतली बारा वर्षं,
बहुधा मांजरीसकट.
मग दिवा जवळ घेऊन म्हणाला,
"ताई, हे निघत नाही. बोर्डालाच डाग दिलाय."

डाग.
आमचा सोनारही हाच शब्द वापरतो.

"रॅम वाढवतो. जुना ड्रायव्हर टाकून बघतो.
सावल्या, पारदर्शक काचा, सगळं बंद ठेवा.
कामापुरतं दिसेल."

दिसतंय.
खिडक्या आता चौकोनी, मठ्ठ,
मिटल्या की मागे काही ठेवत नाहीत.
पत्रिकेवरचा गणपती तेवढा
अजून पट्टीपट्टीने उतरतो:
आधी मुकुट,
मग मी चहा ठेवते,
मग सोंड.