चौथा आकडा

तिसरं प्रकरण उघडलं की
कर्सर लुकलुकतो,
कुणी दारात येऊन
बेल न वाजवता उभं असावं तसा.
मी त्याला आत ये म्हणत नाही.

विषय: केळीच्या खोडाची राख
पाण्यातला रंग किती शोषते.
पाच वर्षं झाली.
शोषते. भरपूर शोषते.
माझाही शोषला, पण ते मोजायची पट्टी
लॅबमध्ये नाही.

आलेखातला सातवा बिंदू
रेषेवर बसायला तयार नाही.
वाणी मॅडम म्हणतात, पुन्हा रीडिंग घे.
तीनदा घेतलं.
तो तिथंच, रेषेच्या खाली,
वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखा
नखं कुरतडत.

एप्रिल संपताना भुसावळात
दुपारी रस्तेसुद्धा आडवे होतात.
कूलरची वाळ्याची जाळी शोधायला
माळ्यावर चढले, तर
बिबड्यांच्या डब्यामागं वही.
शंभरपानी. पुठ्ठ्यावर बॉलपेननं कोरलेलं:
इंजिन नंबर. यामिनी फिरके, सातवी क.
खाली लहान अक्षरात
मुबारक तडवी, सातवी क.
लहान, कारण वही माझी होती.

शाळा सुटली की आम्ही पुलावर.
तो नंबर ओरडायचा, मी लिहायची.
शेजारी शेडचं नाव:
अजनी. इटारसी. काझीपेट. भिलाई. तुघलकाबाद.
भूगोलाच्या बाईंना ह्यातलं काही कळलं नाही.
भुसावळचं, आपलं इंजिन आलं
की पुढं चांदणी काढायची,
पाच टोकांची, पेन न उचलता.

ह्याचा उपयोग काय,
असं कुणी विचारलं नव्हतं.
पप्पा शेडमध्ये फिटर, तेसुद्धा एवढंच म्हणायचे,
रेलिंगला टेकू नका, तापलेलं असतं.

काल सहाला गेले.
पिशवीत प्रबंधाची रद्द झालेली पानं, पाठकोरी.
लांब दीपनगरच्या चिमण्या,
खाली रिकामे रूळ.
शेंगदाणेवाली म्हणाली,
"काय करू राह्यली वं इथं? गाडी चुकली का?"
हो म्हणाले. ते सांगायला सोपं होतं.

मग पूल बारीक थरथरला.
जोडीचं इंजिन, मागं कोळशाच्या वाघिणी,
अठ्ठावन्न. का एकोणसाठ.
मधेच हसले, त्यात एक राहिली असेल.
संदर्भसूचीच्या पाठीवर लिहिलं:
दोन सात पाच चार नऊ, काझीपेट.
अक्षर अजून तसंच आहे, सातला शेपूट.

तीन गेल्या. चौथीला अंधारून आलं होतं,
इंजिनाच्या कपाळावर धूळ.
दोन, आठ, एक,
मग काहीतरी,
मग सहा.
तीन असेल. आठही असेल.

एकदा मी म्हटलं होतं, तीन लिहू, कोण बघतंय.
मुबारकनं वही ओढून घेतली होती.
"दिसला नाही तो आकडा लिहायचा नाही."
दोन दिवस बोलला नाही,
तिसऱ्या दिवशी कैरी घेऊन आला, मीठ विसरून.

तो आता सावद्याला केळीचे ट्रक भरून देतो.
वहीचा फोटो पाठवला. उत्तर लगेच:
"इटारसीचं ते एकटंच हिरवं होतं. आहे का बघ."
आहे. पान एकोणीस.
चांदणी नाही, तरी कुणीतरी काढून खोडलीय.

रात्री प्रकरण उघडलं.
फार काही झालं नाही.
सातव्या बिंदूखाली एक वाक्य लिहिलं:
हा इथं का आहे, ते समजलेलं नाही.
मॅडम खोडतील.

उद्या जाताना पाण्याची बाटली.
आणि पेन्सिल.
ह्या उन्हात बॉलपेन गळतं.