बारा टोपल्या

सराफ्यात शटर ओढायच्या आधी
बाबा ओट्यावरच्या सतरंजीवर उभे राहायचे
आणि बाह्या झाडायचे. मग कॉलर,
मग पायजम्याच्या दुमडी,
शेवटी नखं, दात घासायच्या जुन्या ब्रशनं.
सेठजींनी असं कधी सांगितलं नव्हतं.
एखादा कण अंगाला चिकटून घरी आला
तर तो आपला नाही, म्हणायचे,
आणि परत द्यायला एवढ्या रात्री कोण येणार.

महिन्याकाठी झारेकरी यायचा,
ती धूळ पोत्यात भरून न्यायचा,
धुऊन, जाळून, वाटाण्याएवढं काही काढायचा.
आमच्या खोलीतली धूळ नुसती धूळ होती.
आई ती रोज झाडायची,
त्याचं कुणाला कौतुक नव्हतं.

शटर पडलं की त्याच ओट्यांवर कढया चढायच्या.
गराडू, भुट्ट्याचा कीस, जिलबीएवढ्या जिलब्या
आणि ताटाएवढ्याही.
बाबा त्यातून हात मागे बांधून चालायचे,
परीक्षेच्या वर्गात पर्यवेक्षक चालतो तसे,
थेट छावणीपर्यंत.
जेवताना सांगायचे,
त्या माणसानं जुनी कोठारं पाडून मोठी बांधायची ठरवली
आणि त्याच रात्री बोलावणं आलं.
रानातला मान्ना उद्यासाठी ठेवला, तर किडे पडले.
आमच्याकडे सकाळपर्यंत काही उरायचंच नाही,
त्यामुळे किड्यांची अडचण आली नाही.

सुवार्ताचं लग्न ठरलं तेव्हा
आईनं कुड्या मागितल्या. फक्त कुड्या.
रानातल्या फुलांचा दाखला बाबांनी अर्धा काढला असेल नसेल,
आईनं तवा उतरवला.

साधेपणा तुमचा, म्हणाली, चूल माझी.
सुईच्या नेढ्यातून उंट जात नाही, ठाऊक आहे मला.
त्या नेढ्यात दोरा कोण ओवतं?
तुमची ही कॉलर कितव्यांदा उलटवलीय?
आणि त्या बाईनं वर्षाच्या मजुरीचं अत्तर
एका बैठकीत ओतलं,
तेव्हा त्यानं तिला अडवलं नाही.
किंमत सांगत बसला होता तो कोण, आठवा.
तोही हिशोबच ठेवायचा.

बाबांच्या हातात भाकरीचा तुकडा होता.
तो त्यांनी खाल्ला नाही, खालीही ठेवला नाही.

अकरा महिने पगारातून कापून
गुलाबी कागदात कुड्या आल्या.
तोलताना श्वास धरला होता, म्हणाले,
काटा हलू नये म्हणून.
त्याच संध्याकाळी दोन द्रोण गराडूही आणला,
गार झालेला, मसाला ओला पडलेला.
आम्ही बोटं चाटली.
आई म्हणाली, बघा,
पाच हजार जेवले आणि बारा टोपल्या उरल्या,
ओतून द्या असं त्यानं म्हटलं नाही.
मग थोडं थांबून, स्वतःशीच,
त्या टोपल्या घरी कुणी नेल्या, ते कुठं लिहिलेलं नाही.

आता आई नाही.
बायपासजवळ सातव्या मजल्यावर
माझा फ्रिज दोन दारांचा आहे.
रात्री पाण्यासाठी उघडतो तेव्हा
झाकणं लावलेले डबे पुढं येतात,
मंगळवारचे, रविवारचे,
एकाचा वार आठवत नाही.
मोजायला लागतो आणि सातावर थांबतो.
त्या सगळ्यासकट दार लावून टाकतो.

बाबांना आता फारसं दिसत नाही.
खाली चार पावलं फिरून आले की
उंबऱ्याशी थांबतात,
आणि नातवाला जरा सरक म्हणून
बाह्या झाडतात. कॉलर. दुमडी.

काय पडतं हो आजोबा, तो विचारतो.
मीही खाली पाहतो.
फरशी इतकी पांढरी आहे
की काही पडलं असतं तर दिसलं असतं.