शंभर ग्रॅममागे

तक्ता म्हणतो, शंभर ग्रॅम मिऱ्यात
लोह नऊ मिलिग्रॅम, वर थोडं,
कॅल्शियम चारशेच्या पुढे, तंतू पाव हिस्सा,
मँगनीज इतकं, की छपाईची चूक वाटावी.
रामबागेतल्या दवाखान्यात
मी हे रोज दहा-बारा जणांना वाचून दाखवते.

बोरगावकरांनी चष्मा काढून ऐकलं.
सियागंजात एकेचाळीस वर्षं
किराण्याच्या पेढीवर मुनीम,
आता रक्तदाब, मीठ बंद.
"शंभर ग्रॅम? बाई, दोन हजार दाणे झाले की!
माल वजनदार असला तर थोडे कमी.
एवढं मिरं खाणारा
उधारीच्या खात्यातसुद्धा नव्हता आमच्या."

मग हिशेब मांडला.
दिवसाला सहा दाणे.
लोह: शून्य, टिंब, शून्य, तीन.
"एवढं तर आम्ही
पोत्याच्या शिवणीत सोडून द्यायचो."

मी जरा चिडूनच सांगितलं,
की नुसती हळद अंगी लागत नाही फारशी,
सोबत मिरं असलं की लागते.
ते थांबले. हसले.
"म्हणजे दलाल.
पदरचा माल नाही, दुसऱ्याचा पोचवतो.
सियागंजात अर्धी घरं त्यावर उभी आहेत,
हसू नका."

महिन्याने आले. दाब उतरला होता.
पोह्यांवर जीरावन नाही, शेव नाही,
लिंबू आणि भरडलेलं मिरं, बस.
पहिला आठवडा रद्दी चावल्यासारखा गेला म्हणाले.
"शालिनी रोज खलबत्ता घेऊन बसते
माझ्या उशाशी, पहाटे पहाटे.
लोक नुसतं म्हणतात, हिने डोक्यावर मिऱ्या वाटल्या,
माझ्या खरंच वाटतेय."

जाताना टेबलावर पुडी ठेवली.
वर मुनिमी वळणात: १०० ग्रॅम, भरीव,
पाण्यात टाकून पाहिलेले, तरंगणारे वेगळे काढलेले.
खाली सहीसुद्धा.

दुपारी कुणी नव्हतं.
तक्त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर
दाणे ओतून मोजायला बसले.
तीनशे अकरापर्यंत आले,
तेवढ्यात दार वाजलं.
गडबडीत एक तोंडात टाकला,
आणि पुढच्या बाईंना नाव विचारताना
माझ्याच डोळ्यांना धार लागलेली.
त्या घाबरल्या. म्हणाल्या,
"काही गंभीर आहे का माझ्या रिपोर्टात?"