सामाईक

ओल्या फडक्यात गुंडाळू नये, तुला माहीत आहे, बर्ग्लियोत.
तरी या खेपेला तू गुंडाळलंस.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी जुना टॉवेल पसरलाय,
शेजारी अंड्यांचा रिकामा ट्रे:
पहिला स्क्रू पहिल्या खळग्यात, दुसरा दुसऱ्यात,
निघेल त्या क्रमानं.
परत येताना उलटं मोजत यायचं,
वाट चुकलेल्या पोरानं यावं तसं.

घर तुला गेलं, होडी मला, आणि होडी मी विकली.
शेडमधली जाळीसुद्धा मोजून निम्मी केली आपण.
हे एवढं रीळ कापता येईना.
म्हणून सामाईक: एक महिना वाड्सोला, एक बुगोयनेसला,
मधे फ्योर्डला वळसा घालणारी इन्यारची बस.
अकरा वर्षं. आणि शब्द एक नाही.

पण झाकण उघडलं की मला तुझं सगळं कळतं.
एका मार्चमध्ये दातेरी चाकात वाळू होती, बारीक, गव्हाळ.
म्हणजे किनाऱ्यावर तू एकटी नव्हतीस;
एकटं माणूस रीळ वाळूत ठेवत नाही.
एकदा मुठीला जॅम.
एकदा आतून इतकं लख्ख आलं
की गळ महिनाभर पाण्यात पडलाच नाही हे दिसलं,
आणि कुणाला विचारू, कसं विचारू, यात माझा आठवडा गेला.

मीठ. सगळं भांडण मिठाशी.
माणसं मिठाला जागतात म्हणे, लोखंड जागत नाही.
गोड्या पाण्यानं धुवायचं, पण धार जोरात नको,
जोरात मारली की मीठ बाहेर पडत नाही, आणखी आत सरकतं.
(होडीचं तुला सांगताना मी जोरात बोलले होते.)
धुताना ब्रेक आवळलेला, ठेवताना सैल.
आवळूनच ठेवलं तर चकत्या एकमेकींना चिकटतात,
मग मोठा कॉड लागला की दोरी सुटत नाही,
तुटते.

दात्यांना ग्रीस, बेअरिंगला तेल,
शिवणयंत्राचं, पातळ, सुईच्या टोकावरून,
एकच थेंब.
दुसरा थेंब आळशाचा, बाबा म्हणायचे,
आणि आपण दोघी श्वास रोखून सुईकडे बघत बसायचो.

आणि आता हे.
ग्रीस इतकं की दाते दिसत नाहीत.
बेअरिंग तेलात पोहतंय.
लांब स्क्रू आखूड भोकात, कडा झिजेपर्यंत पिळलेला.
तांदळाच्या दाण्याएवढी स्प्रिंग होती, ती नाहीच.
मी शिवी दिली. मोठ्यानं दिली, घरात कुणी नव्हतं.
मग झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीचे बाण दिसले,
हे इकडे, ते तिकडे,
एकावर एक, चारदा खोडून काढलेले, थरथरते.

शाळेत तुझं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं होतं.

केरोसीनच्या वाटीत रात्रभर भिजवलं,
दातांच्या जुन्या ब्रशनं काळा राडा काढला.
स्प्रिंग सापडली बाबांच्या तंबाखूच्या डबीत, शेवटची.
नातीकडून नेलपॉलिश मागितलं,
ती हसली, आजी, या वयात?
लांब स्क्रूच्या डोक्यावर लाल ठिपका, त्याच्या भोकाशी लाल.
आखूड निळा, भोकाशी निळा.
मूठ एकदा फिरवून सोडून दिली.
ती बराच वेळ आपली आपण फिरत राहिली.

बसथांब्यावर भर दुपारी अंधार,
सूर्य यायला अजून नऊ दिवस.
काही निरोप? इन्यारनं विचारलं.
दर महिन्याला विचारतो, उत्तराची वाट न बघता.
म्हटलं, सांग तिला, एकच थेंब.
त्यानं मान वळवून माझ्याकडे पाहिलं,
पिशवीचे नेहमीचे पैसे सांगितले.

मी विचारलं, माणसाचे किती?